मुलांच्या किडनीतला पीयूजे अडथळा : ओपन, लॅपरोस्कोपी की रोबोट? (पुणे) – माहितीचा धागा

पेठकरी (धागाकर्ता)

बाळाच्या सोनोग्राफीत 'हायड्रोनेफ्रोसिस' (लघवी साठून किडनी फुगणं) असं लिहून आलं की 'आपोआप जातं' पासून 'रोबोटनेच करून घ्या' पर्यंतचे सगळे सल्ले एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळतात. इथेही सुटे प्रश्न वरचेवर येतात आणि उत्तरं विखुरतात, म्हणून हा वेगळा धागा.

विषय एवढाच: किडनीचा पेल्व्हिस (लघवी गोळा होते ती पिशवी) संपून युरेटर (मूत्राशयाकडे जाणारी नळी) सुरू होतो त्या जोडावरचा, म्हणजे पीयूजेवरचा जन्मजात अडथळा, आणि तो जोड दुरुस्त करायचं ऑपरेशन, म्हणजे पायलोप्लास्टी. अनुभवकथनाला दुसरा धागा आहे, इथे नको. जाणकारांनी आकडे, पायऱ्या आणि कुठे बिघडतं ते लिहावं. हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावं सुचवायची नाहीत, झोडायचीही नाहीत.

सोनोवाला

सुरुवात पोटातल्या बाळापासून करतो. पेल्व्हिसचा पुढून-मागे व्यास १६ ते २७ आठवड्यांत ४ मि.मी. आणि २८ आठवड्यांनंतर ७ मि.मी.पर्यंत पोचला की त्याला 'फुगलेला' म्हणतात. जन्मानंतर ही मर्यादा १० मि.मी. यातली बरीचशी बाळं पुढे काहीही न करता ठीक होतात, त्यामुळे पहिल्या रिपोर्टवर घाबरून जायचं कारण नाही.

जन्मानंतरची सोनोग्राफी पहिल्या ४८ तासांत करू नका. नवजात बाळ तेव्हा कोरडं असतं, लघवी कमी होते आणि सूज खोटी कमी दिसते. "नॉर्मल आलं" म्हणून लोक निर्धास्त होतात आणि सहा महिन्यांनी ताप घेऊन येतात. तिसऱ्या ते सातव्या दिवशी केलेली उत्तम. अपवाद मात्र पक्के लक्षात ठेवा: दोन्ही किडन्या फुगलेल्या, किंवा एकच किडनी, किंवा मुलगा असून मूत्राशय जाड आणि भरलेलं. यात थांबायचं नाही, त्याच दिवशी बघायचं. शेवटच्या प्रकारात मूत्रमार्गातला पडदा, म्हणजे पोस्टेरियर युरेथ्रल व्हाल्व्ह, असू शकतो. त्याचा रोबोटशी काही संबंध नाही. आधी कॅथेटर घालतात आणि मग दुर्बिणीने पडदा जाळतात.

रिपोर्टमध्ये एवढं असलंच पाहिजे: पेल्व्हिसचा व्यास मि.मी.मध्ये, कॅलिक्स (पेल्व्हिसमध्ये उघडणारे छोटे कप) फुगलेत का, किडनीचा गर पातळ झालाय का, युरेटर दिसतोय का आणि मूत्राशय भरलेलं होतं की रिकामं. नुसतं 'मॉडरेट एचडीएन' (मध्यम हायड्रोनेफ्रोसिस) लिहिलेला रिपोर्ट पुढच्या तुलनेला कामाचा नाही, परत देऊन लिहून घ्या. युरेटरही फुगलेला असेल तर प्रश्न पीयूजेचा नसून खालच्या टोकाचा किंवा उलट्या वाहणाऱ्या लघवीचा असू शकतो. मग एमसीयू, म्हणजे मूत्राशयात औषध भरून शू करताना काढलेले एक्स-रे, लागतो.

गॅमा_कॅमेरा

सोनोवाले, +१. आता रेनोग्राम, म्हणजे शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन किडनीच्या कामाचा स्कॅन. ऑपरेशनचा निर्णय बहुतेक वेळा याच्यावर होतो आणि सर्वांत जास्त गोंधळही याच तपासणीत होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे डीटीपीए किंवा ईसी (ही त्या औषधांची नावं) स्कॅन होतो. लहान बाळाला ईसी बरा, कारण तो किडनीच्या नलिकांतून उचलला जातो आणि कोवळ्या किडनीतही चित्र स्वच्छ येतं. वय किमान ४ ते ६ आठवडे हवं, त्याआधीचे आकडे फसवतात. हा स्कॅन दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं देतो. दोन्ही किडन्यांत कामाची वाटणी किती टक्के, हा पहिला. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दिल्यावर साठलेलं द्रव्य किती वेगाने निघून जातं (अर्धं जायला लागणारी मिनिटं म्हणजे टी-हाफ), हा दुसरा. पालक दुसऱ्यावरच अडकतात, महत्त्व पहिल्याला जास्त आहे.

कुठे बिघडतं ते बघा. मूल उपाशी-तहानलेलं आणलं तर निचरा मंद दिसणारच. या स्कॅनला उपास लागत नाही, उलट दूध-पाणी पाजून आणायचं. फ्युरोसेमाइड वर्षाखालच्या बाळाला किलोमागे १ मि.ग्रॅ. आणि मोठ्याला ०.५ मि.ग्रॅ. दिलं जातं. ते कोणत्या मिनिटाला दिलं हे रिपोर्टमध्ये हवं. मूत्राशय भरलेलं राहिलं तर वरून निचरा होत नाही आणि अडथळा नसताना आलेख चढाच राहतो. म्हणून शू झाल्यावर, मुलाला उभं किंवा खांद्यावर धरून, शेवटचं एक चित्र घ्यावंच लागतं. बरीच 'ऑब्स्ट्रक्टेड' मुलं त्या एका चित्रात सुटतात. सुई शिरेबाहेर गेली आणि औषध हातातच साठलं तर अख्खा स्कॅन बाद समजा.

आणखी एक. फुगलेल्या किडनीचं काम कधीकधी ५५–५८ टक्के दिसतं. ती किडनी 'जास्त चांगली' आहे असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याचदा तो मोजणीतला घोळ असतो, किडनीभोवती रेघ चुकीची आखली की असं होतं.

पुढचा स्कॅन त्याच सेंटरला, त्याच औषधाने करा. एका ठिकाणी डीटीपीए, सहा महिन्यांनी दुसरीकडे ईसी, आणि मग "काम ६ टक्क्यांनी घसरलं" अशी तुलना करण्यात अर्थ नाही. भूल बहुधा लागत नाही. पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं की बाळं अर्धा तास निवांत पडतात. त्या दिवशी डायपर बदलल्यावर हात धुवायचे, एवढंच पथ्य.

सातारकर

प्रश्न: १ वर्षाचा मुलगा, डावी किडनी, काम ४४ टक्के, टी-हाफ २८ मिनिटं, पेल्व्हिस १९ मि.मी., ताप-इन्फेक्शन काही नाही. पुण्यात रोबोटिक पायलोप्लास्टीची तारीख मिळाली आहे. ती घ्यावी का?

बालसर्जन_कोथरूड

सातारकर, मूल न बघता हो-नाही सांगता येत नाही आणि सांगूही नये. पण निकष सांगतो, ते घेऊन तुमच्या डॉक्टरांशी बोला.

टी-हाफ २० मिनिटांच्या वर गेला एवढ्यावर ऑपरेशन ठरत नाही. साधारणपणे कारणं ही: त्या किडनीचं काम ४० टक्क्यांच्या खाली, किंवा दोन नीट केलेल्या स्कॅनमध्ये ५ ते १० टक्क्यांची घसरण, सोनोग्राफीत सूज वाढत जाणं आणि गर पातळ होणं, वारंवार तापाचं इन्फेक्शन, खडा, किंवा मोठ्या मुलात पोटदुखीचे झटके. व्यास ३० मि.मी.च्या पुढे गेला की बहुतेक जण निरीक्षणाऐवजी ऑपरेशनकडे झुकतात. तुम्ही लिहिलेल्या आकड्यांत यातलं काही ठळक दिसत नाही. "आत्ताच का, ३ महिन्यांनी सोनोग्राफी करून का नको?" हे सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. शू झाल्यानंतरचं चित्र काढलं होतं का, तेही विचारा.

उलट टोकही सांगतो. काम १० टक्क्यांच्या खाली गेलेलं असेल तर थेट पायलोप्लास्टी न करता आधी पाठीतून नळी घालून काही आठवडे किडनी मोकळी ठेवतात. सुधारली तर जोड दुरुस्त करायचा, नाही तर ती किडनी काढण्याचा विचार.

जुना_बालशल्यक

सहमत. मशीन कोणतं हा प्रश्न मुळात तिसरा आहे. ऑपरेशन लागतं का हा पहिला आणि कुणाच्या हातून हा दुसरा. आपल्याकडे जाहिरातीच्या फलकांमुळे हा क्रम उलटा झाला आहे.

पेठकरी

डॉक्टर, ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते पायरीवार लिहाल का? रोबोट 'आपोआप' शिवतो असा समज फार आहे.

बालसर्जन_कोथरूड

रोबोट आपोआप काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून प्रत्येक हालचाल करतो. मिळतं काय, तर त्रिमितीत मोठं केलेलं चित्र, मनगटासारखं वळणारं टोक आणि हाताचा कंप गाळून टाकण्याची सोय. मिळत नाही ती स्पर्शाची जाणीव. सध्या बहुतेक ठिकाणी असलेल्या यंत्रांत धागा किती ताणला जातोय हे बोटांना कळत नाही, डोळ्यांनी ओळखावं लागतं.

मूळ ऑपरेशन तेच, अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ साली मांडलेलं: अरुंद तुकडा काढून टाकायचा आणि पेल्व्हिसला निरोगी युरेटर जोडायचा. ओपन असो वा रोबोट, यशाचं प्रमाण अनुभवी हातात ९० टक्क्यांच्या वरच.

मूल ४५ ते ६० अंशांत कुशीवर, बिघडलेली बाजू वर. कॅमेऱ्याचं भोक बेंबीत, एक बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये, एक खाली त्याच बाजूला. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा: बाळाला ८–१० मि.मी. पाऱ्याच्या दाबाने, मोठ्या मुलाला १०–१२. डाव्या बाजूला आतड्याच्या पडद्यातूनच छोटी खिडकी करून पेल्व्हिसपर्यंत जाता येतं, मोठं आतडं सोडवावं लागत नाही. मात्र त्या पडद्यातल्या शिरा बघून. उजवीकडे आतडं बाजूला करावं लागतं आणि ड्युओडेनमला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) धक्का लागू द्यायचा नाही.

मग पोटाच्या भिंतीतून बाहेरून एक टाका आत घेऊन पेल्व्हिसला वर टांगून ठेवतात. याला हिच स्टिच म्हणतात. हा एक टाका एका साहाय्यकाचं काम करतो. युरेटर कधीही चिमट्यात थेट धरायचा नाही. त्याच्या अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्या चेंगरल्या की सहा महिन्यांनी तिथेच पुन्हा अरुंद होतं. टाकून द्यायचा तुकडा शेवटपर्यंत युरेटरला चिकटलेला ठेवतात आणि मूठ म्हणून तोच धरतात.

युरेटर बाहेरच्या बाजूने उभा चिरायचा, साधारण दीड ते दोन सें.मी., अरुंद भाग पूर्ण ओलांडून निरोगी, रुंद भागापर्यंत. इथे हात आखडला की ऑपरेशन फसतं. चीर नेमकी बाहेरच्याच बाजूला राहिली पाहिजे, नाही तर जोडताना युरेटरला पीळ बसतो. पहिला टाका सर्वांत महत्त्वाचा: चिरेचं खालचं टोक आणि पेल्व्हिसचा सर्वांत खालचा बिंदू. नरसाळ्याची नळी बुडाशीच लागली पाहिजे, बाजूला लागली तर तळाशी पाणी राहणारच. मागची बाजू सलग टाक्यांनी, बाळाला ६-० आणि मोठ्याला ५-० विरघळणारा धागा (आकडा मोठा तेवढा धागा बारीक). मग स्टेंट (जोडातून लघवी वाहती ठेवणारी आतली नळी), मग पुढची बाजू.

खालच्या भागाकडे जाणारी जादा रक्तवाहिनी जोडावरून आडवी जात असेल तर जोड तिच्या पुढे आणून शिवतात. ती वाहिनी कापायची नाही, किडनीचा तेवढा भाग मरतो. मोठ्या मुलांत हे कारण जास्त सापडतं. खूप पाणी-सरबत प्यायल्यावर कुशीत कळ, उलटी आणि काही तासांत सगळं शांत, असा त्यांचा ठराविक नमुना. दोन झटक्यांच्या मधल्या काळात सोनोग्राफी जवळपास नॉर्मल येते, म्हणून कळ चालू असतानाच ती करून घ्यायची.

जुना_बालशल्यक

वरचं सगळं मान्य, पण बाळांच्या बाबतीत माझा वेगळा सूर नोंदवा. सहा महिन्यांच्या बाळाला ओपन पायलोप्लास्टी कुशीतल्या किंवा पाठीतल्या २–३ सें.मी.च्या चिरेतून होते, स्नायू न कापता, फक्त बाजूला सारून. तासा-दीड तासात काम संपतं, पोटाच्या पोकळीत जावंच लागत नाही आणि बाळ दुसऱ्या दिवशी पाजायला तयार. रोबोटची ८ मि.मी.ची तीन भोकं एकत्र मोजली तर २.४ सें.मी. होतात. मग बाळाच्या पोटावर वाचलं काय?

रोबोटचा खरा फायदा वजनदार किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलात, जिथे ओपनला मोठी चीर घेऊन स्नायू कापावे लागतात. दुसऱ्यांदा करायच्या ऑपरेशनमध्येही तो आहे आणि घोड्याच्या नालेसारख्या जोडकिडनीतही.

बालसर्जन_कोथरूड

तुमचा हिशोब बरोबर, पण तीन छोट्या भोकांना तेवढाच ताण बसत नाही, वेदना कमी राहते. तरी वर्षाखालच्या बाळात फरक थोडा, हे मान्य.

ओटी_सिस्टर

जागेचा प्रश्न मापात सांगते. मोठ्या माणसात दोन पोर्टमध्ये (भोकांत बसवलेल्या, उपकरणं आत न्यायच्या नळ्यांमध्ये) ६ ते ८ सें.मी. अंतर ठेवतात. बाळाच्या पोटावर ते ३ ते ५ सें.मी.वर येतं. दोन्ही कमरेच्या हाडांच्या टोकांमधलं अंतर १३ सें.मी.च्या खाली आणि छातीच्या हाडाच्या टोकापासून ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडापर्यंत (प्यूबिस) १५ सें.मी.च्या खाली असेल तर रोबोटचे हात एकमेकांवर आपटण्याची शक्यता बरीच वाढते. टेप लावून आदल्या दिवशी मोजता येतं. वजनापेक्षा हे माप उपयोगी.

पोर्टवर जाड काळा पट्टा असतो, तो पोटाच्या भिंतीत बसायला हवा. बाळाची भिंत पातळ, म्हणून पोर्ट थोडा बाहेर ओढून ठेवतात. म्हणजे आत काम करायला जागा मिळते. पण मग तो सटकतो, म्हणून प्रत्येक पोर्ट टाक्याने कातडीला बांधायचा. हा बांधलेला नसला तर ऑपरेशनच्या मध्यावर गॅस कातडीखाली शिरून पोट कुरकुरीत लागतं.

धागा १० ते १२ सें.मी.च कापून द्यायचा. लांब दिला तर गुंततो. ६-० धागा उपकरणाच्या जबड्यात पकडला की चिरडतो आणि गाठ मारताना तुटतो, म्हणून सुई किंवा धाग्याचं टोकच धरायचं. एक जादा धागा आधीच उघडून ठेवते, मागायची वेळ येतेच.

मुलाच्या चेहऱ्यावर रोबोटचा हात येतो. वर स्टीलचा बार किंवा फोमचं कवच लावल्याशिवाय डॉकिंग (रोबोटचे हात पोर्टना जोडणं) नको. एकदा डॉक झालं की जोडटेबल (रोबोटबरोबर हलणारं टेबल) नसेल तर टेबल हलवता येत नाही, त्यामुळे उशा, कोपर, गुडघे यांचं पॅडिंग आधीच दोनदा बघायचं. अचानक उघडं करायची वेळ आली तर उपकरणं काढून, हात सोडवून रोबोट मागे घ्यायचा सराव टीमने केलेला असावा. "तुमच्याकडे हा सराव होतो का?" हा प्रश्न पालकांनी विचारला तर चालतो, आम्हाला बरंच वाटतं.

भूलवाली_ताई

सिस्टरने माझं अर्धं काम केलं. बाकीचं लिहिते.

उपास: सॉलिड खाणं ८ तास, वरचं दूध ६ तास, आईचं दूध ४ तास, पाणी किंवा गाळलेला नारळपाणी-साखरपाण्यासारखा पारदर्शक द्रव २ तास. याहून जास्त उपाशी ठेवू नका. 'रात्री १२ नंतर काही नको' हा जुना निरोप अजून फिरतो, बाळाची साखर त्याने उतरते. हिंजवडी किंवा सिंहगड रोडवरून सकाळी येणाऱ्यांनी ट्रॅफिकचा वेळ धरून शेवटचं पाजणं घड्याळ लावून करावं.

गॅसमुळे पोट वर ढकललं जातं, श्वासाचा दाब वाढतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो. म्हणून व्हेंटिलेटरचा वेग वाढवावा लागतो. नायट्रस ऑक्साइड वापरत नाही, आतडी फुगतात आणि सर्जनला जागा उरत नाही. गॅस चालू असताना लघवी कमी होते, त्यावर भराभर सलाईन ओतायचं नाही. दोन-तीन तासांत बाळ थंड पडतं, म्हणून गरम हवेचं पांघरूण सुरुवातीपासून लावतात. हात डॉक झाल्यावर सलाईनची नळी सापडत नाही, त्यामुळे दोन शिरा आधीच धरून ठेवते.

वेदनेसाठी कण्यातून कॉडल इंजेक्शन किंवा भोकांपाशी ०.२५ टक्के बुपिवाकेन, किलोमागे १ मि.ली.च्या आत. नंतर पॅरासिटामॉल किलोमागे १५ मि.ग्रॅ. दर ६ तासांनी, ठरलेल्या वेळेला, रडण्याची वाट न बघता. आयब्युप्रोफेन घरच्या घरी देऊ नका, किडनी आधीच नाजूक आहे.

सर्दी-खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तरी बिघडत नाही, दोन-चार आठवड्यांनी या ऑपरेशनचं नुकसान होत नाही. लघवीचं कल्चर मात्र आठवड्याभरात केलेलं हवंच. जंतू असतील तर आधी ते घालवायचे.

मनीप्लांट

लघवीला त्रास म्हणून कुळथाचं कढण आणि भरपूर पाणी चालू आहे एकाचं. चालेल का?

सोनोवाला

कढण खड्यासाठी देतात लोक. इथे जोड जन्मतःच अरुंद आहे, तो पातळ पदार्थांनी रुंद होत नाही. शिवाय ज्याला झटके येतात अशा मुलाला एकदम लिटरभर पाणी पाजलं तर कळ ओढवून घ्याल. तहान लागेल तसं प्यावं.

कॅशलेस_काउंटर

पैशांकडे वळू या, हे कुणी लिहीत नाही.

रोबोटचं बिल जास्त येतं ते मुख्यतः उपकरणांमुळे. प्रत्येक उपकरणाचे वापर ठरलेले असतात, ते संपले की यंत्र ते स्वीकारतच नाही. म्हणून दर केसला त्याचा वाटा लावतात, वर हातांची निर्जंतुक आवरणं. अंदाजपत्रक मागताना ओटी (ऑपरेशन थिएटर), सर्जन, भूल, रोबोटचा वापर, स्टेंट आणि स्टेंट काढण्याचं दुसरं ऑपरेशन असे वेगळे आकडे लेखी मागा. शेवटची ओळ बहुतेक वेळा गाळलेली असते.

विमा: आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) २०१९ च्या नियमांनंतर रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून सरसकट वगळता येत नाही, पण तिच्यावर मर्यादा घालता येते. पॉलिसीत 'मॉडर्न ट्रीटमेंट' शीर्षकाखाली ही मर्यादा बघा. दुसरी गोम 'जन्मजात' या शब्दाची. बाहेरून दिसणारं व्यंग आणि आतलं व्यंग यांत पॉलिसी फरक करते. पीयूजे हे आतलं. प्री-ऑथ (विमा कंपनीच्या पूर्वमंजुरीच्या) फॉर्मवर नुसतं 'कंजेनिटल' लिहिलं की शंका निघते आणि दोन दिवस जातात. डॉक्टरांकडून 'इंटर्नल' हा शब्द लिहून घ्या, सोबत रेनोग्राम आणि दोन सोनोग्राफी जोडा.

महात्मा फुले योजनेत पायलोप्लास्टीचं ठरलेल्या रकमेचं पॅकेज आहे. रोबोटचा जादा खर्च त्यात बसेल असं धरून चालू नका, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. धर्मादाय रुग्णालयांत कलम ४१ कक प्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत असतात. अर्ज ॲडमिशनच्या आधी, उत्पन्नाच्या दाखल्यासकट. ससूनमध्ये बालशल्य विभाग आहेच, ओपनचा निर्णय झाला असेल तर तिथे विचारायला कमीपणा वाटू नये.

सातारकर

स्टेंटबद्दल कुणी लिहिलं नाही. तो आत राहतो म्हणजे नेमकं काय?

बालसर्जन_कोथरूड

दोन्ही टोकांना वळी असलेली बारीक नळी, वरची वळी पेल्व्हिसमध्ये आणि खालची मूत्राशयात. जाडी ३ ते ४.७ फ्रेंच (३ फ्रेंच म्हणजे १ मि.मी.). लांबीचा सोपा हिशोब: वयाची वर्षं अधिक १० सें.मी. म्हणजे ४ वर्षांच्या मुलाला १४.

पोटाच्या भिंतीतून बारीक सुईवाटे वायर आणि वायरवरून स्टेंट खाली सरकवतात. अडतो तो मूत्राशयाच्या तोंडाशी. तिथे जोर केला तर युरेटर फाटतो किंवा सुजतो. खालची वळी खरंच मूत्राशयात पोचली का हे कळायला मूत्राशयात आधी निळं मेथिलीन ब्लू भरून ठेवतात, स्टेंटच्या वरच्या भोकांतून निळं आलं की पोचला. निळं आलं नाही तर शिवणं थांबवून आधी स्टेंट तपासायचा. जात नसेल तर ३ फ्रेंच वापरतात, नाही तर पाठीतून बाहेर काढलेली नळी ठेवतात. त्या बाहेरच्या नळीचा फायदा असा की ती काढायला पुन्हा भूल लागत नाही.

४ ते ६ आठवड्यांनी दुर्बिणीने काढतात, छोटी भूल देऊन.

ओटी_सिस्टर

तोवर घरी काय बघायचं: शू करताना कुशीत कळ येते, कारण स्टेंटमुळे लघवी थोडी वर ढकलली जाते. पळापळ केली की शू गुलाबी होते. वारंवार शूला जावंसं वाटतं. हे चालतं. गाठी पडलेलं लाल रक्त, ३८ सेल्सिअसच्या वर ताप, पोट फुगणं, शू एकदम कमी होणं हे चालत नाही, त्याच दिवशी यायचं. बद्धकोष्ठ होऊ द्यायचा नाही, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. आंघोळ ४८ तासांनी. शाळा साधारण आठवड्याने, सायकल आणि मैदान स्टेंट निघाल्यावर.

बाहेरगावच्यांनी फोली कॅथेटर (मूत्राशयातून लघवी बाहेर काढणारी नळी) निघेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, पुण्यातच राहावं. आणि स्टेंट काढायची तारीख विसर्जनाच्या दिवशी घेऊ नका. लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर सगळं बंद, रिक्षा मिळत नाही, आणि उपाशी मूल गाडीत अडकून बसतं.

मनीप्लांट

आणि लगेच काही बिघडलं तर ते कसं कळतं?

बालसर्जन_कोथरूड

पहिल्या आठवड्यातला मुख्य प्रश्न गळती. ताप, पोट ताणलेलं, उलट्या, मूल मलूल. सोनोग्राफीत किडनीभोवती पाणी. सर्वांत आधी फोली बघायचा: तो तुंबला असेल तर मूत्राशयाचा दाब स्टेंटमधून थेट ताज्या शिवणीवर जातो. बऱ्याचदा फोली धुवून किंवा पुन्हा घालून दोन दिवसांत गळती थांबते. नाही थांबली तर स्टेंट सरकलाय का ते एक्स-रेवर बघतात आणि गरज पडली तर पाठीतून नळी. लगेच पुन्हा ऑपरेशन क्वचितच.

पोर्टचं भोक खोलवर शिवलेलं नसेल तर त्यातून पोटातली चरबी बाहेर डोकावते. मुलांत ८ मि.मी.चं प्रत्येक भोक आतल्या थरासकट शिवायलाच हवं. हे छोटं वाटतं, पण पुन्हा भूल द्यावी लागण्याचं हेही एक कारण.

सोनोवाला

नंतरच्या सोनोग्राफीबद्दल एक: स्टेंट निघाल्यावर ४–६ आठवड्यांनी पहिली, मग ३ महिन्यांनी. त्यात सूज दिसणारच. वर्षानुवर्षं फुगलेला पेल्व्हिस एका ऑपरेशनने आक्रसत नाही, काहींचा कधीच पूर्ण नॉर्मल होत नाही. बघायचं ते सूज आधीपेक्षा कमी आहे का आणि गर जाड होतोय का. 'अजून हायड्रोनेफ्रोसिस आहे' एवढ्या वाक्यावर पुन्हा धावपळ नको.

गॅमा_कॅमेरा

आणि रेनोग्राम ३ ते ६ महिन्यांनी. त्याच सेंटरला, त्याच औषधाने. (पुन्हा लिहितो, कारण पुन्हा विसरलं जातं.) काम टिकलं म्हणजे ऑपरेशन यशस्वी. ३० चं ४५ होईल अशी अपेक्षा ठेवू नका. झालं तर उत्तम, पण उद्देश घसरण थांबवण्याचा असतो.

जुना_बालशल्यक

पुन्हा अरुंद झालं तर ते बहुधा पहिल्या दोन वर्षांत कळतं, म्हणून तोवर पाठपुरावा सोडू नका. दुसऱ्या ऑपरेशनला मी स्वतःच रोबोट सुचवतो: चिकटलेल्या जागेत मोठं चित्र आणि वळणारी टोकं कामी येतात. युरेटर फार आखूड उरला असेल तर तो थेट खालच्या कॅलिक्सला जोडतात किंवा गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावतात. हे काम रोज करणारे थोडे. इथे मात्र पुणे-मुंबई असा फरक न करता हात शोधावा.

कॅशलेस_काउंटर

शेवटचं एक, सर्वांसाठी. डिस्चार्ज कार्डावर 'डीजे स्टेंट इन सिटू' (दोन वळ्यांचा स्टेंट आत आहे) आणि काढायची तारीख छापून घ्या, शक्यतो मराठीतही. स्टेंट विसरला गेला तर त्यावर खडे जमतात आणि तो दुर्बिणीने निघत नाही. हॉस्पिटलमध्ये स्टेंटची वही असते, त्यात नाव आणि दोन फोन नंबर चढले का हे बिल भरताना स्वतः बघा. एक नंबर आजी-आजोबांचा दिला तरी चालेल.

सातारकर

आभार. शू झाल्यानंतरचं चित्र रिपोर्टमध्ये नाही. सोमवारी सेंटरला फोन करून विचारतो, आणि तोवर ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला सांगतो.